बंद घराच्या परसातली जुनी फुलझाडे: जेसीबी येण्याआधी काय ओळखावे, काय हलवावे?

उंबरठा (प्रश्न विचारणारे; पुढची शीर्षके म्हणजे लिहिणाऱ्यांची टोपणनावे)

डिचोली तालुक्यात चिऱ्याचे जुने घर घेतले आहे. अंदाजे २० वर्षे कुलूपबंद. आधी राहणाऱ्यांबद्दल नीट सांगू शकेल असे वाड्यावर कोणी नाही, पण त्यांची फुलझाडे परसभर आहेत. मार्चअखेर काम सुरू होईल: कौले उतरवणे, वासे बदलणे, गिलावा, न्हाणीची नवी मोरी (सांडपाण्याचा चर). कंत्राटदाराचे म्हणणे, आधी दोन तास जेसीबी फिरवून रान साफ करू. आता जानेवारी संपत आला आहे, म्हणजे हातात दोन महिने.

सध्या दिसते ते असे. फाटकाशी दोन पांढरे चाफे, दोन्ही निष्पर्ण, एक गडग्यावर (दगडी कुंपणावर) कललेला. घराच्या दक्षिण कोपऱ्याला अनंत, पाने पिवळी पण शिरा हिरव्या. तुळशीचा मोडका चौथरा, त्याच्या आसपास रानमोडीत (माजलेल्या झुडपी तणात) अडकलेली अबोली. चौथऱ्यापासून विहिरीपर्यंत जवळजवळ सरळ ओळीत, भुईला चिकटलेली वाळकी पट्ट्यासारखी पाने. विहिरीजवळ वेलासारखा लांबलेला मोगरा, ज्याला गेल्या उन्हाळ्यात एकही फूल नव्हते असे शेजारी सांगतात. एक गुलाब, लांबच लांब काटेरी फांद्या, कळी नाही. न्हाणीमागे सोनटक्क्याचे बेट. गुलबक्षी तर कुठेही.

विचारायचे हे, की यातले माणसाने लावलेले कुठले आणि आपोआप आलेले कुठले? त्यावरून जुन्या परसाची मांडणी कळेल का? आणि मोरीच्या वाटेत येणारे कसे हलवावे?

कुळागर

पहिले काम, जेसीबीला नकार द्या. जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत आपल्याकडची अर्धी फुलबाग जमिनीखाली असते. भुईचाफा, फुटबॉल लिली, रेन लिली यांचे वर काहीही दिसत नाही, आणि कांदे-कंद असतात वरच्या १०–१५ सेंटिमीटर मातीत. बकेटचे दात नेमका तोच थर खरवडून नेतात. मग जूनमध्ये राडारोड्याच्या ढिगाऱ्यावर लिली फुलतात आणि लोक नवल करतात.

तणनाशकही नको. कंत्राटदार ‘फक्त गवतावर मारू’ म्हणतो, पण ग्लायफोसेट हिरव्या पानातून कांद्यात उतरते. रानमोडी कोयत्याने कापून उपयोग नाही, बुडखा फुटतो. पहारीने मुळासकट उपटा. आता तिचे बी उडायचे दिवस आहेत, तेव्हा उपटलेली झाडे परसात फरफटत नेऊ नका, जागच्या जागी पोत्यात भरा.

आता लावलेले कुठले, हे ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे बी. ज्याला आपल्याकडे बी धरत नाही किंवा धरले तरी रुजत नाही, ते झाड कुणीतरी हाताने लावल्याशिवाय तिथे येत नाही. तुमच्या यादीत मोगरा, अनंत आणि चाफा हे त्या जातीचे साक्षीदार. (चाफ्याला कधीमधी जोडशेंग धरते, पण परसात त्याची रोपे उगवलेली सहसा दिसत नाहीत.) ही झाडे जिथे आहेत तिथेच कुणीतरी खड्डा काढला होता, असे धरून चाला.

याउलट गुलबक्षी, तुळस, सदाफुली, तेरडा या गावभर फिरणाऱ्या बाया. गुलबक्षीचे काळे बी पावसाच्या पाण्याबरोबर उताराने वाहते, म्हणून ती आज आहे तिथे पूर्वी होतीच असे नाही. परसात ती कुठवर पसरली ते पाहून सर्वांत वरच्या टोकाला जा, मूळ झाड बहुधा तिकडचे. जुन्या झाडाखाली काळपट, गाजरासारखा जाड कंद सापडतो. कालपरवाच्या रोपाखाली तो बोटाएवढाच असतो.

सोनटक्का मधला. बी नव्हे, गड्डे पसरतात, तेही ओल जाईल तिकडे. न्हाणीमागे त्याचे बेट म्हणजे जुन्या न्हाणीचे सांडपाणी तिथेच सुटत होते. कर्दळ आणि अळू सोबत असतील तर शंकाच नको. नवी मोरी दुसरीकडे वळवलीत तर दोन उन्हाळ्यांत ते बेट खंगेल, हे आधी ठरवून ठेवा.

सरळ ओळीबद्दल: कांदे आपण होऊन सरळ रांगेत चालत नाहीत. तुळस ते विहीर अशी वाट होती आणि तिच्या एका कडेला ती लावली होती. दुसऱ्या बाजूला हलक्या हाताने १० सेंटिमीटर खणून पाहा, चिऱ्याची कड लागण्याचा संभव आहे. रिकाम्या जागी कांद्यांचे गोल कडे दिसले तर मधे एखादे झाड किंवा चौथरा होता. फक्त एक लक्षात ठेवा, पूर्वी कधी मातीची भर टाकली असेल तर भरीसोबत आलेले कांदे वेडेवाकडे, कधी उलटेही उगवतात. ती जागा साक्षीत धरू नये.

फुलपुडी

वरच्या उत्तरात खुणा करण्याची पद्धत राहिली. ती नसेल तर बाकी सगळे वाया.

बांबूच्या खुंट्या पावसाआधी वाळवी खाते. पाऊण इंची पीव्हीसी पाइपचे ३० सेंटिमीटरचे तुकडे कापा, २० सेंटिमीटर आत ठोका. मार्करची शाई उन्हाने दोन महिन्यांत उडते, त्यामुळे नाव लिहायला ॲल्युमिनियमची पट्टी आणि टोकदार खिळा. प्रत्येक खुंटीचे अंतर घराच्या जोत्याच्या दोन ठरावीक कोपऱ्यांपासून टेपने मोजून वहीत लिहा. दोन मापे असली की खुंटी उपटली गेली तरी जागा परत सापडते. मोबाइलच्या नकाशाच्या भरवशावर राहू नका, काही मीटरची चूक परसात म्हणजे पुरता वाफाच हुकतो.

तुमची वाळकी पट्टेदार पाने कुठल्या लिलीची ते कांदा काढल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. एकच उकरून पाहा. मुठीएवढा, तपकिरी पापुद्र्याचा आणि मान वर आलेला असेल तर नारिंगी फुलांची हिपिॲस्ट्रम, जिला सगळे नुसते ‘लिली’ म्हणतात. फुटबॉल लिलीचा कांदा फिकट, मांसल, पुष्कळदा जांभळट ठिपक्यांचा. रेन लिलीचा सुपारीएवढा किंवा त्याहून लहान.

हलवायचे तर आत्ताच, पाने वाळलेली असताना. कांद्यापासून १५ सेंटिमीटर लांब कुदळ घालून ढेकळासकट उचला, ओढून काढू नका. मान तुटली तर तिथून कूज शिरते. चिकटलेली पिल्ले आपोआप सुटतील तेवढीच वेगळी करा. सावलीत तीन-चार दिवस वाळवून लगेच लावा, ३० सेंटिमीटरवर एक. हिपिॲस्ट्रमची मान मातीच्या वर राहिली पाहिजे, फुटबॉल लिलीची मातीच्या बरोबरीने. खोल गाडलेली लिली वर्षानुवर्षे नुसती पाने काढते, आणि लोक खत घालत राहतात. रेन लिलीला मात्र ५ सेंटिमीटर खोली हवी. पहिला पाऊस येईपर्यंत पाणी घालू नका.

फुटबॉल लिली हलवल्यावर एखादे वर्ष रुसते. पुन्हा उकरून बघायचे नाही.

पाने आली की जुलै-ऑगस्टमध्ये त्यांवर काळी, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची अळी येते. झुंडीने येते आणि मानेपर्यंत खाते. रोज सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे हाच उपाय. आठवडाभर दुर्लक्ष केले तर कांदा आतून पोखरलेला मिळतो.

भुईचाफा असेल तर एप्रिल-मेमध्ये पानांआधी थेट भुईतून जांभळी-पांढरी फुले येतील. तोवर शोधायचा उपाय नाही. जिथे माणसांची ये-जा आणि सिमेंटच्या थैल्या येणार तिथे मेअखेरपर्यंत फळ्या टाकून चाला, एवढे केले तरी वाचेल.

अबोलीची एक परीक्षा करा. वाळलेल्या कणसातले बोंड पाण्याच्या थेंबात बुडवा. तडतडून बी उडाले तर ती गावठी, बियांवर चालणारी. बी धरतच नसेल आणि फूल मोठे, गुलाबीकडे झुकणारे नारिंगी असेल तर दिल्ली अबोली, ती फाट्यानेच (फांदीचा तुकडा लावून) वाढते. गावठी असेल तर कणसे आताच कापडी पिशवीत गोळा करा. मेअखेर वाफ्यात पेरा, बी पुरते न पुरते एवढीच माती. पाच-सहा पाने आल्यावर ३० सेंटिमीटरवर लावणी. जुनी खोडे हलवण्यात अर्थ नाही, मुळांवर बहुधा सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या) गाठी असतात, त्या नव्या जागी घेऊन जाल. नव्या वाफ्यात निंबोळी पेंड, चौरस मीटरला १०० ग्रॅमच्या आसपास.

चिरेबंदी

झाडांचे वर आले आहे. मी फक्त बांधकामाच्या बाजूने लिहितो, कारण अशा ठिकाणी झाडे कुदळीने कमी आणि चुन्या-सिमेंटने जास्त मरतात.

तुमचा अनंत हेच सांगतो आहे. वरची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोहाची उणीव. (खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडली असती तर नत्र किंवा पाणी.) आपली जांभ्याची माती आंबट आणि अनंताला तीच मानवते, लोहही तिच्यात भरपूर. तरी उणीव का? भिंतीलगत वर्षानुवर्षे चुन्याचे पोपडे आणि चिऱ्यांच्या सांध्यांतला जुना चुना पडून माती अल्कधर्मी झाली, मग त्यातले लोह मुळांना घेता येत नाही. खात्री करायची तर बुंध्याजवळची मूठभर माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. फसफसली तर चुना आहे.

उपाय असा. बुंध्यापासून अर्धा मीटर अंतरापर्यंत वरची १०–१५ सेंटिमीटर माती हाताने, मुळे न दुखावता, पोपड्यांसकट काढून टाका. तिथे परसातल्या लांबच्या कोपऱ्यातली माती आणि कुजलेले शेणखत अर्धे-अर्धे भरा. फवारणीला १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळी, १५ दिवसांच्या अंतराने तीनदा. फवारताना भिंतीवर ताडपत्री धरा, हिराकसाचे तांबूस डाग नव्या रंगावर पडले तर जात नाहीत.

आणि गिलावा सुरू झाला की हे सगळे पुन्हा उलटेल, जर माल तिथेच कालवला तर. कामगार पाणी जवळ म्हणून विहिरीपाशीच माल कालवतात, आणि तिथे तुमचा मोगरा आहे. कालवायची जागा आधी आखून द्या, खाली ताडपत्री आणि बाजूला घमेली धुवायचा खड्डा. परांची बांधताना फांदीला दोर नको. कौले उतरवून रचायची ती झाडाच्या आळ्यात नाही. ऐकायला बारीकसारीक वाटते, पण या चार गोष्टी कंत्राटाच्या कागदावर लिहून घ्याव्यात, तोंडी सांगितलेले दुसऱ्या दिवशी दुसरा मुकादम आला की संपले.

मोठे झाड तोडायचे मनात असेल तर गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. स्वतःच्या जमिनीतले झाड असले तरी. आधी अर्ज, मग कुऱ्हाड.

उंबरठा

खूप उपयोग झाला. एक कांदा उकरला: मुठीएवढा, तपकिरी, मान वर. म्हणजे हिपिॲस्ट्रम. अबोलीचे बोंड पाण्यात तडतडले. व्हिनेगर फसफसले. मोरीची रेघ मात्र ओळीला मधोमध कापते.

तुळशीचा चौथरा आहे म्हणजे घर हिंदूंचे हे उघड. अबोली आणि चाफाही त्याला धरूनच, नाही का? आणि चाफ्याच्या जाडीवरून घर किती जुने ते कळेल? मोगरा, गुलाब यांचे काय करू?

कुळागर

मोरीसाठी सगळी ओळ हलवू नका. रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर, तेवढेच कांदे उचला. चर बुजवल्यावर वरचा २० सेंटिमीटर थर जुन्या मातीचाच भरा (खणताना वरची आणि खालची माती वेगळी ठेवायला सांगा) आणि कांदे त्याच मापावर परत लावा. ओळ पुन्हा जुळेल.

मोगऱ्याला फूल नाही कारण ऊन नाही. २० वर्षांत वर फणस किंवा आंबा पसरला असणार. मोगऱ्याला निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते. आधी वरच्या फांद्या विरळ करा, नंतर मोगरा छाटा. उलट केलेत तर सावलीत नुसती लांब काटकुळी फूट येईल. छाटणी आठवड्याभरात उरका: जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, पाने ओरबाडून. मग आळ्यात ५ किलो शेणखत आणि पाणी. मार्चअखेरपासून कळ्या दिसायला हरकत नाही. लांबलेल्या फांद्या फेकू नका. दोन-तीन फांद्या तशाच ठेवून मधला भाग खरवडून ८ सेंटिमीटर खोल दाबा, वर चिरा ठेवा. तीन-चार महिन्यांत मुळे धरतात, पावसात तोडून वेगळ्या लावता येतील. ते तुमचे राखीव.

अबोली आणि अनंतावरची सावली मात्र आता उघडू नका. मार्चच्या उन्हात पाने भाजतील. ते काम जूनमध्ये.

फुलपुडी

गुलाबाबद्दल फार आशा ठेवू नका. लांब फांद्या, कळी नाही, म्हणजे बहुधा कलमाचा वरचा गुलाब मेला आणि खालचा खुंट वाढला. पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना झालरीसारखे केस दिसले तर तो मल्टिफ्लोरा, कलमासाठी वापरतात तो. फूल आलेच तर बारीक पांढरे, घोसाने. तिथे कुणीतरी विकत आणलेला गुलाब लावला होता एवढेच तो सांगतो, कुठला ते नाही. झालर नसेल तर मात्र १५ सेंटिमीटरचे चार-पाच फाटे करून जुलैत लावा, गावठी गुलाब असू शकतो.

सांज

दोन गोष्टींवर वेगळे मत नोंदवतो.

फुलांवरून धर्म काढू नका. तुळशीचा चौथरा ही खूण ठीक, पण ती बांधकामाची खूण झाली, झाडाची नव्हे. अबोलीची फाती (गजरे) गोव्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्हींकडच्या बायका माळत आल्या. चाफा देवळाच्या आवारात आहे तसा दफनभूमीतही. घर मधे विकले गेले असेल तर चौथरा एका कुटुंबाचा आणि गुलाब दुसऱ्याचा, असेही असते. चौथऱ्याला गिलाव्याचे किती थर आहेत ते कडेला मोजा, ते जास्त बोलतील.

झाड कुठल्या मुलखातले यावरूनही वय ठरत नाही. चाफा, गुलबक्षी, निशिगंध ही सगळी अमेरिका खंडातून आलेली, म्हणजे युरोपीय जहाजांच्या नंतरची, पण तो काळच केवढा मोठा. पारिजातक इथलाच. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. तो परसात असला काय नि नसला काय, तारीख हाती लागत नाही.

चाफ्याच्या जाडीवर तर अजिबात जाऊ नका. मांडीएवढी फांदी रोवली तरी जगते, त्यामुळे लावला त्याच दिवशी तो ‘जुना’ असू शकतो. त्याऐवजी बेचकी मोजा. चाफ्याची फांदी टोकाला फुलते आणि मग तिथून दुभंगते. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकाच वाटेवर जितकी बेचकी, तितके फुलांचे हंगाम किमान झाले. दरवर्षी प्रत्येक फांदी फुलत नाही, म्हणून वय त्याहून जास्तच, कमी नाही.

माड असेल तर जास्त नेमके. पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला साधारण १२ झावळ्या येतात आणि प्रत्येक गळालेली झावळी खोडावर वळ (कड्यासारखी खूण) सोडते. मीटरभरात किती वळ ते मोजा, उंचीने गुणा, १२ ने भागा, वर खोड दिसू लागण्याआधीची पाच-सहा वर्षे मिळवा. खालचे आणि वरचे वळ सारख्या अंतरावर नसतात, तेव्हा तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या. उत्तर पाच-दहा वर्षांनी चुकेल, पण पिढी कळेल.

घराच्या बाजूने पाहायचे तर कौले उतरवताना पालथी करून बघा. मंगळुरी कौलांवर कारखान्याचे नाव उमटवलेले असते. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा पहिला कारखाना १८६० च्या दशकातला, म्हणजे तसे छप्पर त्यानंतरचे. त्याखालचे घर आधीचे असू शकते, पूर्वी त्यावर नळे (अर्धगोल गावठी कौले) असतील. फुटके कौलही फेकण्याआधी वाचा.

उंबरठा

कललेल्या चाफ्यात खालपासून १९ बेचकी मोजली. वरच्या बाजूला आणखी असतील, शिडी लागेल. दोन माडही आहेत, ते उद्या मोजतो. चाफा गडग्याला ढकलतो आहे, तो सरळ करता येईल का?

कुळागर

ओढून सरळ करू नका, ठिसूळ लाकूड, बुंध्यापाशी फाटेल. कललेल्या बाजूला बेचक्याचा टेकू द्या, मधे जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा. गडग्याकडची एक जड फांदी करवतीने उतरवा, भार हलका होईल.

उतरवलेली फांदी म्हणजे तुमचा विमा. तिचे ३०–४५ सेंटिमीटरचे तुकडे करा, चीक पुसा, सावलीत आठ-दहा दिवस उभे ठेवून जखम वाळू द्या. मग निम्मी वाळू घातलेल्या कुंडीत १० सेंटिमीटर खोल. एकदा पाणी, त्यानंतर पान फुटेपर्यंत अगदी बेताने. फेब्रुवारी ते एप्रिल हाच काळ. जूनमध्ये लावलेला ओला तुकडा आतून कुजतो आणि बाहेरून महिनाभर हिरवाच दिसतो, म्हणून फसायला होते. पावसाळाभर कुंड्या पागोळीखाली नकोत.

पावसात पानांखाली नारिंगी भुकटी दिसेल. तांबेरा. झाड मरत नाही. पडलेली पाने गोळा करून जाळा.

चिरेबंदी

आणि टेकू गडग्याच्या चिऱ्यावर टेकवू नका, जमिनीत फरशीच्या तुकड्यावर उभा करा. सुके रचलेले गडगे वरून येणारा भार पेलतात, बाजूने येणारा नाही.